मामाला चिनीत काय म्हणतात

काय झालं, बंगळुरात आमच्या बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात चिनी यंत्रं आली, म्हणून मी ती भाषा शिकायला लागलो. शिकवणाऱ्या लिन मॅडम मूळच्या चीनच्या, राहायला हेब्बाळला. दर रविवारी त्यांच्या घरी शिकवणी.

एकदा नात्यांचे शब्द निघाले. काका वेगळा, मामा वेगळा, अगदी आपल्यासारखं. मी खुशीत म्हणालो, "मॅडम, मला चार मामा आहेत. तुमच्या मुलीला किती?"

"एकही नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या वेळी सरकार एकच मूल होऊ द्यायचं. मला ना भाऊ, ना बहीण. मामा हा शब्द तिला मी पुस्तकातूनच शिकवलाय."

मी वही आवरून उठलो. दारात त्यांची सात वर्षांची मेई उभी होती. नेहमीसारखं "बाय, अंकल" म्हणाली. मॅडमनी तिला थांबवलं आणि चिनीत हळूच काहीतरी सांगितलं.

मेईने माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "जिउजिउ." म्हणजे मामा.

भाचीला चिनीत काय म्हणतात, ते मी अजून शिकलो नव्हतो. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मराठीतच म्हणालो, "येतो गं, बाळा."