ओल्या चुन्याची कमान

रत्नागिरी, ता. २२ मार्च १९३५

मी यमुनाबाई परुळेकर, वय ६२, पूर्वी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका, आता पेन्शनर, राहणार मांडवी. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

माझ्या घराजवळच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, जांभ्याच्या कमानीचा पूल होत आहे. ठेकेदार दादू सुर्वे. शिमग्याची पालखी पुऱ्या झालेल्या पुलावरून न्यायची, हे निमित्त करून चुना ओला असतानाच त्याने कमानीखालचे आधाराचे लाकडी धिरे काढायचे ठरवले. ते लाकूड त्याला जयगडच्या कामावर हवे आहे. मी छत्रीचे टोक सांध्यात घालून पाहिले. लोण्यात जावे तसे गेले.

काल त्याची माणसे धिरे काढायला आली, तेव्हा मी कोरड्या पऱ्यात, कमानीखाली खुर्ची टाकून बसले. ठेकेदार म्हणाला, "बाई, देवीनं उजवा कौल दिलाय."

"कौल कशाचा लावलात?"

"पालखी पुलावरनं न्यायची का, याचा."

"म्हणजे चुन्याचं विचारलंच नाही. मग ये, माझ्याशेजारी बस आणि काढायला लाव धिरे."

त्याच्यासाठी मी दुसरी खुर्चीही मागवली. तो बसला नाही.

तेवढ्यात ढोल वाजत पालखी आली. ती पुलावर नाचवायची, म्हणजे किती माणसांचे वजन, हे पोलिसांनीच समजून घ्यावे. भागोजी गुरव म्हणाला, "बाय, वायच बाजूला व्हा, देवी थांबलेय."

"थांबलीच आहे, तर तिला धिऱ्यांचं विचार."

लोक हसले. भागोजी हसला नाही. त्याने तिथेच कौल लावला. ढोल थांबले. डावी पाकळी पडली, म्हणजे देवीचा नकार.

ठेकेदार ओरडला, "कॉन्व्हेंटात शिकलेल्या बाईच्या सांगण्यावरनं कौल लावतात काय?" मी म्हणाले, माझा कौलावर विश्वास नाही, पण निकाल अगदी बरोबर आहे.

पालखी पऱ्यात उतरली आणि माझ्या खुर्चीपुढेच नाचली. माझे पांढरे पातळ गुलालाने लाल झाले आहे. ते बदलायला मला वेळ मिळालेला नाही.

मी कामात अडथळा केला, अशी ठेकेदाराची फिर्याद आहे. केला. पालखी गेली, आता धिरे काढतो, असे तो म्हणतो. सध्या खुर्चीवर माझी स्वयंपाकीण गोदा बसली आहे. चुना घट्ट होईपर्यंत आम्ही दोघी पाळीने बसणार आहोत. तिची जेवायची वेळ झाली, तरी मला लवकर सोडावे.

जबाब हवालदारांनी वाचून दाखवला. 'गैरसमजातून' हा शब्द त्यांच्या पदरचा होता, तो मी खोडून घेतला. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

सही
यमुनाबाई परुळेकर