सासूबाईंची कंबर

माझ्या सासूबाईंचं सांगते. लग्नानंतरची ती माझी पहिलीच भातलावणी. माझं माहेर म्हापशाच्या बाजारातलं, त्यामुळे इब्रामपूरच्या चिखलात तासाभरातच माझे पाय लटपटायला लागले. पण नव्या सुनेनं बसायचं कसं? तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "चल गो, जरा बसूया. माझी कंबर धरली."

बांधावर बसून दोघींनी पेज घेतली आणि परत उतरलो. मी दमले की त्यांची कंबर पुन्हा धरायची. मला काळजीच वाटायला लागली. दुपारी शेजारच्या शेतातल्या शांताकाकींना मी म्हटलं, "आईंना डॉक्टरकडे न्यायला हवं. कंबर फार दुखते त्यांची."

काकी हसल्या. "हिची कंबर? गेल्या वर्षी हा अख्खा मळा हिनं एकटीनं लावला."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या खाली मान घालून रोपांची जुडी सोडत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुला बस म्हटलं असतं, तर तू बसली असतीस? मी नवी होते तेव्हा चक्कर येऊन चिखलात पडले, पण आपणहून बसले नाही. आणि बस म्हणणारं कोणी नव्हतं गो."