तामोत्सुच्या बाटलीतली दोन बोटं शोचू

नाव : हात्सुए नागायोशी. वय : ६८ वर्षे. धंदा : इझाकाया चालवणे. राहणार : दुकानाच्या माडीवर, जुना धक्का, माकुराझाकी.

मी समक्ष चौकीत हजर होऊन सांगते की, वरील ठिकाणी माझं ‘इसोमात्सु’ नावाचं खाण्यापिण्याचं दुकान एकेचाळीस वर्षांपासून आहे. गिऱ्हाईक म्हणजे बोटीवरचे खलाशी आणि मासळीबाजारातली माणसं. हा जबाब लिहिणारे हवालदार फुकुमोतो यांचीही बाटली माझ्या मधल्या फळीवर आहे. हे लिहू नका म्हणतात. लिहा.

माझ्याकडे गिऱ्हाईक शोचू दारूची अख्खी बाटली घेतं आणि उरलेली फळीवर ठेवून जातं. बाटलीच्या गळ्यात लाकडी पट्टी, पट्टीवर ज्याच्या त्याच्या हातचं नाव. मोठ्या शहरांत म्हणे तीन महिन्यांनी ओतून देतात. माझ्याकडे बाटलीत थेंब असेपर्यंत पट्टी उतरत नाही.

दिनांक ११ नोव्हेंबर रोजी संध्याकाळी पाचला मी दारावर पडदा लावून दुकान उघडलं. पाच वाजून दहा मिनिटांनी ताकुमा कुरोइवा, वय अंदाजे ३५, राहणार टोकियो, हा एकटा आत आला. आल्या आल्या भिंतीवरच्या तेलाच्या डागाचा फोटो काढला. लंडनमध्ये ‘अस्सल’ इझाकाया उघडतोय म्हणाला. मी उकडलेल्या मुळ्याची वाटी पुढे ठेवली, तर वाटी फिरवून फिरवून तिचेही फोटो. मुळा गार झाला. खाल्ला नाही. अस्सल पाहिजे होतं ना, मग खायचं होतं मेल्या!

नंतर तो फळीकडे बोट दाखवून म्हणाला, “काकू, ती सगळ्यात कळकट बाटली कुणाची?”

मी म्हटलं, “तामोत्सु नाकाझोनोची. बोटीवर गेलाय.”

“कधी?”

“चार वर्षं झाली.”

“म्हणजे वारलाच की! विकता का? तिकडे असली वस्तू शोधून सापडत नाही.”

मी नाही म्हटलं. एकदाच म्हटलं, कारण मला वाटलं कान शाबूत आहेत.

पावणेसहाला मी मागच्या अंगणात पेंढ्याच्या जाळावर मासा भाजायला गेले. पाच मिनिटांत परत आले तर इसम नाही, बाटली नाही. बाटलीच्या जागी त्याने स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड उभं करून ठेवलेलं. चोरीसुद्धा धड करता येत नाही. त्या कार्डावरूनच चौकीने त्याला फोन केला.

हवालदारांनी विचारल्यावरून सांगते की, बाटलीत दोन बोटं शोचू होती. तामोत्सु बोटीवर चढायच्या आदल्या दिवशी उरवून गेला होता, “परत आलो की हीच आधी” म्हणून. बोट बुडाली. तिघे सापडले, तो सापडला नाही. त्याची बायको सुमिए हिने नगर कार्यालयात मृत्यूचा कागद अजून दिलेला नाही. ती दर शुक्रवारी कारखान्यातून सुटल्यावर येते, बाटली खाली घ्यायला लावते, अॅप्रनने पुसते, उजेडात धरून बघते आणि परत ठेवते. स्वतः पीत नाही.

दिनांक १२ रोजी सकाळी नऊला हवालदार कुरोइवाला बाटलीसकट दुकानात घेऊन आले. सुमिएला मीच बोलावलं होतं. कुरोइवा कमरेत वाकून म्हणाला, “काकू, गैरसमज झाला. पण मी नुकसान होऊ दिलेलं नाही. आतली शिळी होती, हॉटेलच्या बेसिनमध्ये ओतून टाकली. बघा, सगळ्यात भारी भरून आणलीय. काठोकाठ!”

मी त्याला ओल्या फडक्याने एकदा मारलं. तो दोनदा म्हणतो. दुसऱ्या वेळी फडकं भिंतीवर बसलं, ते मी धरत नाही.

सुमिएने बूच काढून वास घेतला. मग भारीतली शोचू मोरीत ओतली, सगळी. कुरोइवा “अहो, अहो” करत होता. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. बाटली काउंटरवर ठेवून ती मला म्हणाली, “हात्सुएताई, संपली. पट्टी उतरवायची ना आता?”

हवालदार तेव्हा बाहेर बंदराकडे बघत उभे होते.

मी म्हटलं, “नियम माझा आहे. पिऊन संपली तर पट्टी उतरते. तामोत्सु प्यायलाय का? नाही ना? मग गप कामावर जा, आणि शुक्रवारी ये.”

बाटली रिकामी, पट्टीसकट, जागेवर ठेवली आहे. ‘मुद्देमाल सुस्थितीत परत मिळाला’ या कागदावर मी माझा सहीचा शिक्का मारणार नाही. कुरोइवाने लिहून दिलेला माफीनामा दुकानात आहे. त्यावर ओलं फडकं वाळत घातलंय.

हवालदारांनी जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात त्यांनी बाटलीचा मालक ‘मयत तामोत्सु नाकाझोनो’ असं लिहिलं होतं. त्यातला पहिला शब्द मी खोडायला लावला आणि खोडलेल्या जागी माझा शिक्का उमटवला. बाकी सगळं मी सांगितलं तसंच आहे.