कडुनिंब वाऱ्याने पडला नाही

जबाब

नाव : नीरजा मुकुंद लासूरकर, वय ६१ वर्षे, व्यवसाय : निवृत्त शासकीय लिपिक, राहणार : निशिगंध सोसायटी, मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर.

मी समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझ्या घराला लागूनच सगीरा फारूख मोमीन यांचे घर आहे. आमच्या दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीपाशी, रस्त्याच्या कडेला कडुनिंबाचे मोठे झाड होते. झाड सोसायटीचे, पण त्याची देखभाल मी आणि सगीराबी करत होतो. पावसाळ्याच्या तोंडावर वाळक्या फांद्या माणूस लावून उतरवून घ्यायच्या, बुंध्याशी पाणी तुंबू द्यायचे नाही, माती चढू द्यायची नाही, एवढेच. इतक्या वर्षांत त्या झाडाने कोणाच्या कौलालासुद्धा धक्का लावला नव्हता.

यंदा जूनअखेरीस, पाऊस चांगला लागलेला असताना, सोसायटीचे अध्यक्ष विश्वजित धारूरकर यांनी पावसाच्या पाण्याचा पाइप टाकण्यासाठी रस्त्याकडेने जेसीबीने चर खोदायला घेतला. आवाज ऐकून मी बाहेर आले. चर बुंध्याला खेटून चालला होता. रस्त्याच्या बाजूची मांडीएवढी जाड मुळे करवतीने कापून बाजूला टाकलेली होती. मी चराच्या तोंडाशी उभी राहिले व म्हणाले, "विश्वजित, चर हातभर नव्हे, चांगला लांबून घ्या. या बाजूची मुळं गेली तर ओल्या जमिनीत झाड कशाच्या जोरावर उभं राहील?"

ते म्हणाले, "काकू, तुम्ही झाडांच्या डॉक्टर कधीपासून झालात? लिंबाला काही होत नसतं. सरका, मशीनचं भाडं चालू आहे."

सगीराबींचे पती फारूखभाईही तिथे आले. ते म्हणाले, "धारूरकरसाब, पेड हमारे घर की तरफ झुकेगा. थोडा तो सोचो." धारूरकर यांनी मशीन चालू ठेवायची हाताने खूण केली. चर तसाच पुढे नेला. पाइप टाकून त्यावर काँक्रीट केले व ते थेट बुंध्यापर्यंत भिडवले, म्हणजे चिखल होणार नाही.

त्यानंतर झाड मोमीन यांच्या अंगणाकडे कलू लागले. काँक्रीट आणि बुंधा यांच्यामध्ये फट पडली व त्या फटीत पाणी भरून राहू लागले. मी धारूरकर यांच्या घरी जाऊन सांगितले की, वरचा भार ताबडतोब हलका करून घ्या, फांद्या उतरवण्याच्या परवानगीचा अर्ज मी लिहून आणला आहे, अध्यक्ष म्हणून सही करा. ते हसले. त्यांच्या पत्नी अंबिका यांच्यासमोर म्हणाले, "मुळं तोडली तेव्हा तुम्हीच गळा काढला. आता फांद्या तोडा म्हणता. एकदा काय ते ठरवा ना." सही केली नाही. तोडणे आणि भार उतरवणे यांतला फरक मी त्यांना सांगितला. तो त्यांना कळला होता, असे माझे आजही म्हणणे आहे.

फारूखभाईंनी फांदीला दोर बांधून तो खांबाला ताणला. माणसाला जेवढे जमते तेवढे केले.

घटनेच्या दिवशी दुपारी भुरभुर पाऊस होता. मी ओसरीत उभी होते. वारा नव्हता, वाळत घातलेला टॉवेलसुद्धा हलत नव्हता. सगीराबी अंगणाचे फाटक लावायला बाहेर आल्या. मला पाहून त्यांनी हात केला. तेवढ्यात जमिनीतून फाटल्यासारखा आवाज आला व झाड त्यांच्या अंगणात आडवे झाले.

मी भिंत कशी ओलांडली ते मला सांगता येणार नाही. सगीराबींचा पाय फांदीखाली होता. फारूखभाई, मी आणि गल्लीतल्या लोकांनी फांदी उचलली. त्या शुद्धीवर होत्या. त्यांनी मला विचारले, "नीरजा, झाड पूरा गया क्या?" मी हो म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. मांडीचे हाड मोडले असून शस्त्रक्रिया झाली आहे. पुढे काठीवाचून चालता येईल का, हे डॉक्टर सांगत नाहीत.

त्या संध्याकाळी धारूरकर यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले की, ही नैसर्गिक आपत्ती आहे, आणि लासूरकर काकूंच्या हट्टापायी धोकादायक झाड ठेवावे लागले. त्याखाली काहींनी हात जोडले. दवाखान्यात कोणी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुंधा उचलून न्यायला त्यांनी ट्रॅक्टर आणला. मी पोलिसांना फोन केला व जाऊन मुळांच्या गड्ड्यावर बसले. धारूरकर म्हणाले, "काकू, तमाशा करू नका, उठा." मी म्हणाले, "पोलीस येऊन ही मुळं बघेपर्यंत मी उठत नाही. फाटलेलं मूळ कसं दिसतं आणि कापलेलं कसं दिसतं, हे त्यांना बघू द्या." पाऊस वाढला. फारूखभाई दवाखान्यातून डबा न्यायला आले होते, ते डबा खाली ठेवून माझ्या शेजारी येऊन बसले. पोलीस आले, पंचनामा झाला. रस्त्याच्या बाजूची सर्व मुळे करवतीने सपाट कापलेली आढळली. गड्डा जप्त करण्यात आला आहे.

माझी तक्रार विश्वजित धारूरकर यांच्याविरुद्ध आहे. पावसाविरुद्ध माझी तक्रार नाही.

जबाब लिहून झाल्यावर मला वाचून दाखवला असता, त्यात "वादळी पावसामुळे झाड उन्मळून पडले" असे वाक्य आले. मी तसे सांगितले नव्हते. जबाब लिहिणारे हवालदार म्हणाले, "मॅडम, असं लिहायची पद्धत असती." मी म्हणाले, "साहेब, सगळी नोकरी मी पद्धतीनंच लिहिलं. हे वाक्य राहिलं तर सही होणार नाही." ते वाक्य खोडून त्या जागी "मुळे कापल्यामुळे झाड पडले" असे माझ्या सांगण्यावरून लिहिले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे. त्यानंतर संपूर्ण जबाब मी स्वतः, ठाण्यातल्या बाकावर बसलेल्या फारूखभाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही/-
नीरजा मुकुंद लासूरकर