लेबन्सबाउमचं कुंपण

माझा जन्म मिरजेचा, लाकडाच्या वखारीतला म्हटलंस तरी चालेल पोरी, कारण वडिलांची वखार पुढं आणि आमच्या दोन खोल्या मागं, त्यामुळं बाभूळ कुठली, निलगिरी कुठली हे मला पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी वासावरून कळायचं. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढं माझी अक्कल कुठं शेण खायला गेली होती ते तुला समजायला पाहिजे.

लग्न झालं आणि ह्यांच्या नोकरीपायी न्युरेम्बर्गला आले. हे इंजिनिअर, मी बारावी, मग मी किंडरगार्टनच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं भाज्या चिरल्या, भांडी घासली, लाज कसली त्यात. अनघा झाली आणि ह्यांनी शहराबाहेर, पाइनच्या जंगलाला अगदी खेटून हे घर घेतलं. मी म्हटलं, अहो, इतकं आडबाजूला कशाला, तर म्हणाले, अगं खिडकी उघडली की जंगल, लोक जीव टाकतात असल्या घरासाठी.

शेजारची म्हातारी सारखी आत डोकावायची, म्हणून झाडांचं कुंपण लावायचं ठरलं. रोपवाटिकेत गेलो तर पाटी, लेबन्सबाउम. लेबन म्हणजे आयुष्य, बाउम म्हणजे झाड, हे तर असे खूश झाले की काय सांगू तुला, म्हणाले हेच लावायचं, आयुष्याचं झाड दारात, आणखी काय पाहिजे. मी एक पान चुरगाळून नाकाशी धरलं. टर्पेंटाइनसारखा वास, अस्सा झोंबला. वखारवाल्याची पोर मी, तिथंच ओळखायला हवं होतं की हे तेलकट झाड आहे, ठिणगी पडली की भडकणार, पण मी नावाला भुलले, म्हटलं छान वास आहे हो. छत्तीस रोपं लावली ह्यांनी, गुडघे दुखेपर्यंत, आणि मी मेली दर दसऱ्याला पहिल्या झाडाला हळदीकुंकू लावत आले.

हे गेले त्याला तीन वर्षं झाली. सकाळी चहाचा कप हातात होता, तो तसाच राहिला. तेव्हापासून मी त्या झाडांशीच बोलायचे, हसू नकोस, बोलायचे खरंच.

मग मागचा उन्हाळा आला, पाऊस नाही की काही नाही, जंगलात पलीकडं आग लागली, दोन दिवस खिडक्या बंद ठेवून बसले. नंतर राटहाउसमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, सगळ्यांना बोलावलं आणि वणव्याचा नवा नकाशा भिंतीवर लावला. आधी आमची गल्ली पिवळी होती, आता लाल, म्हणजे सगळ्यात जास्त धोक्याची. तिथला माणूस भला होता, म्हणाला पन्हळीतल्या पाइनच्या सुया काढा, लाकडं भिंतीला लावून रचू नका आणि तुमचं ते कुंपण आधी काढा. मी म्हटलं, अहो, ते लेबन्सबाउम आहे. तो म्हणाला, गेनाऊ, म्हणजे अगदी तेच, आम्ही अग्निशमनवाले त्याला मशाल म्हणतो.

घरी आले आणि अनघाला फोन लावला. ती म्हणाली, मामा, दी म्युसन वेग, म्हणजे ती झाडं जायलाच हवीत, आणि घर विकून स्टुटगार्टला माझ्याकडं ये. लहानपणापासून ती इथल्या पोरांसारखी आईला मामा म्हणते, मी हसायचे, अगं मी आई, मामा तिकडं मिरजेला. आता वाटतं बरोबरच म्हणायची पोरगी, आमचा मामाच झाला होता. पण हे घर सोडून मी जाऊ कुठं, ह्यांचं सगळं इथंच आहे. म्हटलं झाडं जाऊ देत, घर तरी लाल रंगातून सुटेल.

आणि तोडली गं. छत्तीसच्या छत्तीस. माणसं करवत चालवत होती आणि तोच वास घरभर झाला, मी मोरीत तोंड धुवत उभी, रडू आवरेना. दुसऱ्या आठवड्यात राटहाउसला गेले, विचारलं, आता माझ्या घराचा रंग कधी बदलणार. त्या माणसानं आधी माझ्याकडं बघितलं, मग नकाशाकडं. म्हणाला, बाई, रंग तुमच्या कुंपणाचा नाही हो, जंगलाचा आहे. जंगल तिथं आहे तोवर तो लालच राहणार.

कुणाला विचारायचं होतं मी आधी? कुणाला विचारणार होते? झाडंही गेली आणि भीतीही आहे तिथंच.

दाराशी बॅग भरून ठेवलीय बघ, पासपोर्ट, औषधं, ह्यांचा फोटो. सारखी नाक वर करून वास घेत असते, वेडी झाल्यासारखी. अनघाच्या हट्टापायी शेवटी घर विकायला काढलं, पण लाल गल्लीतलं घर बघायला कुणी येत नाही, आणि आलं तरी मला विकवेल की नाही कोण जाणे. जाऊ दे. कायझर्सलाउटर्नला शिकतेस, तिथून एवढ्या लांब माझी गोष्ट ऐकायला आलीस, ऐकून घेतलंस, सुखी राहा, शिकून मोठी हो. निघताना तेवढं फाटक ओढून घे. दोन्ही बाजूंना काही नाही आता, तरी ओढून घे, ह्यांना उघडं टाकलेलं आवडायचं नाही.