शिट्टी खालच्या पट्टीत का गातो

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, आणि आमच्या न्यू वेव्ह रॉक बँडपुढे वर्षानुवर्षं नाचलेल्या, आज मात्र तोंड पाडून बसलेल्या मित्रांनो,

तुमची तक्रार मला ठाऊक आहे. ती माझीही होती. आपला मुख्य गायक आज बँडचा निरोप घेतोय आणि जाताना एकट्यानं केलेला अल्बम आपल्या हाती ठेवतोय. त्यात गिटार नाही. ड्रम नाहीत, म्हणजे मीही नाही. ज्या चढ्या आवाजामुळे आपण त्याला ‘शिट्टी’ म्हणतो, तो आवाजसुद्धा नाही. सगळी गाणी घशाच्या तळातून, सावकाश. ऐकून मी विचारलं, “घसा बसलाय का रे तुझा?”

तो मला घरी घेऊन गेला. त्याच्या वडिलांचा जन्म कारखान्यात पत्रे ठोकण्यात गेला आणि त्यात कान गेले. बारीक, चढे आवाज त्यांना ऐकू येईनासे झाले. काका स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. मी मोठ्यानं विचारलं, “काका, आमची गाणी कशी वाटायची?”

“तू बडवायचास ते यायचं. ह्याचं नुसतं तोंड हलायचं.”

प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसणाऱ्या बापापर्यंत मुलाचा आवाज कधी पोचलाच नव्हता. हे कळल्यावरच हा अल्बम करायला त्याच स्वयंपाकघरात बसला होता. एकेक ओळ खाली, अजून खाली आणत गेला. काकांना ती म्हणून दाखवता आली की पट्टी पक्की.

‘हा कसला प्रयोग’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना मी विचारतो, ज्या आवाजानं नाव दिलं, तोच एका श्रोत्यासाठी बाजूला ठेवायला किती जणांची छाती होते? आपल्याला आवडलं तेच त्यानं मरेपर्यंत गावं, हा हक्क आपल्याला दिला कुणी?

पूर्ण अल्बम ऐकून काका म्हणाले, “आता शब्द कळले. ते जरा बरे लिहीत जा.”

असो. संयोजकांचे मनापासून आभार. माझं बोलणं कुणाला लागलं असेल, तर ड्रमवाल्याचा हात जडच असतो, असं समजून सोडून द्या.

आता तो गाणार आहे. काका समोर बसलेत. भरल्या सभागृहात मुलाला ऐकण्याची त्यांची ही पहिलीच वेळ, आणि जरा गलका झाला की त्यांना काही उमगत नाही. म्हणून एवढंच करा. शेवटची ओळ संपेपर्यंत कुणीही टाळी वाजवू नका.