खालच्या नळीचा नट

विषय — श्री. मर्ल हॉकस्ट्रा, वय एकोणऐंशी, यांना बर्चवुड वृद्धनिवासात दाखल करून घेणे. संदर्भ — त्यांचे चिरंजीव वेंडेल यांचा चार मेचा अर्ज. बर्चवुडकडून मला तपासायला आलात ना, मिस लुंड? असंच लिहिलंय ना तुमच्या कागदावर? तेहतीस वर्षं काउंटीच्या कचेरीत असलेच कागद लिहिले मी — असो. मी इथूनच बोलतो, गाडीखालून. तुमचे बूट दिसतायत, तेवढी ओळख पुरे.

नाही, मदत नको. रेडिएटर नवा आहे, मीच बसवला, त्यात काही नाही. अडतं ते या दोन नळ्यांशी — गिअरचं तेल थंड व्हायला रेडिएटरच्या पोटातून फिरून येतं ना, त्या. नट आधी बोटांनीच फिरवायचा, तीन-चार आटे सरळ बसले की मग पाना. आणि दुसरा पाना रेडिएटरच्या तोटीवर धरायचा, नाहीतर तोटी आतून पिळते, तेलात पाणी शिरतं — स्ट्रॉबेरीच्या दुधासारखा गुलाबी चिखल होतो, आणि गाडी संपली. वेंडेलला लहानपणी हे मी ओरडून ओरडून शिकवलंय. वरची नळी बसली. खालची — खालची बोटांनी लागेना. बोटं थरथरतात — म्हणजे थंडीनं. हो, मे महिन्यात. म्हणून सरळ पानाच लावला, आणि आटे तिरके बसले. आता पुढे जात नाही, मागे येत नाही. — नटाबद्दल बोलतोय मी.

गाडी हवीच हो. आर्डिस, माझी बायको, गेल्यापासून बोलायला माणूस म्हणजे किराणा दुकानाच्या गल्ल्यावरची बाई, आणि तीसुद्धा बावीस मैलांवर. गाडी गेली की वेंडेलचा अर्ज मंजूरच समजा.

काय? कधीपासून आहे इथे? न्याहारीपासून. दोन वाजले? बघा, वेळ कसा जातो. गुडघा जरा धरलाय, सुटेल. तुमचा सातवा प्रश्न ठाऊक आहे मला — जमिनीवरून आधाराशिवाय उठता येतं का? वेंडेल त्या अर्जाची प्रत माझ्याच टेबलावर विसरून गेला. तो विसरतो तेव्हा त्याच्यासाठी कोणी अर्ज करत नाही.

नको म्हटलं ना. दोनदा झालं. तुम्ही शहरातल्या, तुम्हाला काय सांगायचं — इकडे माणूस दोनदा नको म्हणतो, विचारणारा तिसऱ्यांदा विचारतो, आणि मग जे उत्तर येतं ते खरं. शेजारचा ग्लेन तर चौथ्यांदाही विचारतो, पण तो गेलाय लेकीकडे, डुलुथला.

अहो, गुडघे टेकू नका, तेल सांडलंय तिथे — काय म्हणालात?

हं. हे तिसरं. मी उगाच सांगितलं तुम्हाला.

आधी ते पेन ठेवा खाली, मग देतो खरं उत्तर. — नाही ठेवत? मग लिहा. सातवा प्रश्न : उत्तर आलेलं नाही. अर्ज प्रलंबित.